मोताळ्याच्या बाजाराचा हुकूम

बुलढाण्यात मी वकिली सुरू केली तेव्हा लोक दारात येऊन विचारायचे, वकीलसाहेब घरी आहेत का. मी म्हणायची, मीच वकील. मग ते माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीत डोकावून बघायचे. तिथं कोट घातलेला कोणी पुरुष दिसला नाही की एखादा हळूच म्हणायचा, "मंग येतो संध्याकाळी." वकिलाच्या बायकोला वकिलीणबाई म्हणतात. जी स्वतःच वकील आहे आणि जिला नवराच नाही, तिला काय म्हणावं हे आमच्या गावाला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. शेवटी नुसतं 'बाई' ठरलं. शाळेतल्या मास्तरीण बाई, दवाखान्यातल्या नर्सबाई, तशी कोर्टातली मी बाई.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. माझे वडील खामगावला शिक्षक. त्यांनी हट्टानं मला नागपूरला पाठवून कायदा शिकवला आणि नंतर स्वतःच घाबरले. मला मात्र भीती वाटायला वेळच मिळाला नाही. शेताच्या धुऱ्याचे म्हणजे बांधाचे, विहिरीच्या पाळीचे, वाटणीचे दावे जुन्या वकिलांकडे जायचे. 'बायामाणसाचं' काही आलं की वकील मंडळी बाररूममधून मला हाक मारायची. पोटगी माझ्याकडे, नांदायला नेत नाही ते माझ्याकडे, लेकरू कोणाकडे राहील तेही माझ्याकडे. आता मोठ्या शहरांत त्यासाठी वेगळी कुटुंब न्यायालयं आहेत. तेव्हा आमचे जज्जसाहेब सकाळी गाईच्या चोरीचं अपील ऐकायचे आणि त्याच खुर्चीत बसून दुपारी एखाद्याचा संसार मोडायचा की नाही ते बघायचे.

माणसं एकेक भन्नाट यायची. एकदा एक म्हातारे शेतकरी बायकोवर दावा लावायला आले, तेही बायकोला बरोबर घेऊन. ते तक्रार सांगत होते आणि बाई मधेमधे दुरुस्त करत होती. असं नाही झालं, थे आखाडीच्या आधी झालं. तुम्ही रागानं ताट फेकलं नोतं, सरकवलं होतं. शेवटी म्हाताऱ्यांनी वैतागून तिलाच सांगितलं की तूच सांग, तुले बरोबर ध्यानात राह्यते. तिनं स्वतःविरुद्धची सगळी तक्रार इतकी नीट सांगितली की मी टाक खाली ठेवून दोघांसाठी चहा टाकला. चहा पिऊन दोघं बाजार करून घरी गेले.

पण मला सांगायची आहे ती सुमित्राची हकीकत. ती आठवली की अजूनही मला एकटीलाच हसू फुटतं.

आधी कायद्याचं थोडं सांगते, नाही तर पुढची गंमत कळणार नाही. त्या काळी 'आमचं पटत नाही' एवढ्यावर घटस्फोट मिळत नसे. दोघं राजी असले तरी नाही. बायको टाकून गेली, नांदायला येत नाही, असं असलं तर नवऱ्यानं आधी कोर्टाकडून वेगळं राहण्याचा हुकूम घ्यायचा. हुकूम झाल्यावर दोन वर्षं दोघांनी खरोखर वेगळं राहायचं. मग पुन्हा अर्ज करायचा, तेव्हा कुठं पक्की फारकत. आणि त्या दोन वर्षांत नवरा-बायको पुन्हा एकत्र नांदले असं दिसलं की सगळं मुसळ केरात. लेकराचं म्हणाल तर पाच वर्षांच्या आतलं लेकरू सहसा आईकडे. त्यानंतर बाप मागू शकायचा, आणि बहुतेक वेळा त्याला मिळायचंही.

सुमित्रा मोताळ्याची, दिलेली रोहिणखेडकडे. नवऱ्याचं नाव तुळशीराम. घरी कापूस-ज्वारीची बऱ्यापैकी शेती. वडील वारलेले, कारभार आईच्या आणि चुलत्यांच्या हातात. माझ्याकडे आली तेव्हा कडेवर अडीच वर्षांची कुसुम होती आणि मागं तिचा भाऊ रागानं लालबुंद होऊन उभा होता. तुळशीरामनं वेगळं राहण्याचा दावा लावला होता. मी नेहमीचे प्रश्न विचारले. मारतो का? नाही. पितो का? नाही. दुसरीकडे कुठे जातो? त्यालाही ती नाही म्हणाली.

"मग काय करतो?"

"काईच नाही करत, बाई. बोलतच नाही."

मला आधी ते नीट कळलं नाही. तिनं सांगितलं त्याचा अर्थ असा. त्या घरात वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायची रीत नव्हती. आणि वडीलधारे नाहीत असा घराचा कोपराही नव्हता. तुळशीरामला भाकरी हवी असली तरी आईमार्फत निरोप यायचा. ती काही विचारायला गेली की तो खाली बघून म्हणायचा, "आईले इचार." सुमित्रानं माहेराहून आणलेली दुभती म्हैस चुलत्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात तिला देऊन टाकली. म्हैस दावणीतून सुटत असताना तुळशीराम तिथंच उभा होता. तिनं त्याला विचारलं, माझी म्हैस यांनी कोणाला विचारून दिली. तो म्हणाला, आईले इचार. तिनं आईला काही विचारलं नाही. कुसुमला कडेवर घेतलं आणि मोताळ्याची वाट धरली.

"मले दुसरं काई नको," ती म्हणाली. "त्याहिनं मले एकडाव इचारावं, येतं का म्हणून. मी जाईन."

हे कोर्टात सांगायचं कसं? नवरा विचारत नाही ही तक्रार कायद्याच्या कुठल्याच कलमात बसत नव्हती. समोर नानासाहेब वकील होते, वयानं माझ्या वडिलांएवढे, अंगावरचा काळा कोट उन्हानं हिरवा पडलेला. त्यांनी दोन वर्षं बायको आली नाही हे सरळ सिद्ध केलं आणि मी तो दावा हरले. वेगळं राहण्याचा हुकूम झाला. कुसुम लहान म्हणून आईकडे राहिली. बापाला कुठं आणि कसं भेटू द्यायचं एवढंच ठरायचं बाकी होतं.

तिथं मात्र मी आणि नानासाहेब जे भांडलो ते अख्ख्या बारनं उभं राहून ऐकलं. मी म्हणाले, मुलगी बापाच्या घरी पाठवली तर परत येणार नाही. ते म्हणाले, आमचा पक्षकार माहेरी गेला तर तिचा भाऊ त्याचं डोकं फोडेल. मी म्हणाले, चुलते आले तर मुलीला उचलून नेतील. ते म्हणाले, भाऊ आला तर हाणामारी होईल. जज्जसाहेब पुण्याकडून बदलून आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी कानाला हात लावत हुकूम दिला. दर आठवड्याला मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी दुपारी आईनं मुलीला घेऊन बाजाराच्या टोकाला असलेल्या शाळेच्या ओट्यावर यावं. बापानं तिथं मुलीला भेटावं. दोन्हीकडच्या दुसऱ्या कोणाही नातेवाइकानं त्या वेळी तिथं पाऊल टाकू नये.

आपापल्या पक्षकाराचं रक्षण केलं म्हणून मी आणि नानासाहेब दोघंही समाधानानं कोर्टाबाहेर पडलो. आपण काय करून ठेवलं हे दोघांनाही कळलं नव्हतं. लग्नाला पाच वर्षं झालेल्या त्या जोडप्याला, घरचं एकही माणूस आसपास नसेल अशी जागा पहिल्यांदाच मिळाली होती. तीही सरकारी शिक्क्यानिशी.

पुढचं सगळं मला सुमित्रानं नंतर सांगितलं.

पहिल्या बाजारी ती ओट्याच्या एका टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली. तुळशीराम दुसऱ्या टोकाला, रेवड्यांचा पुडा घेऊन. कुसुमला बाप धड ओळखूही येत नव्हता. पण रेवड्या ओळखू आल्या. ती जाऊन रेवडी घ्यायची आणि आईच्या पदराखाली येऊन खायची. तुळशीरामला काही सुचेना, तेव्हा तो मुलीला म्हणाला, तुह्या मायले इचार, भजे खाते का. कुसुमनं जाऊन विचारलं. माय म्हणाली, सांग त्याहिले, भूक नाही. कुसुमनं तेही जाऊन सांगितलं आणि आलेली भजी एकटीनं संपवली.

असं बरेच बाजार चाललं. मुलगी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निरोप पोचवत राहिली. माय, बाबा इचारते, कापूस वेचाले लोक भेटले का मामाले. बाबा, माय म्हणते तुमाले काय करायचं. माय, बाबा म्हणते सहज इचारलं. शेवटी एक दिवस कुसुम दमली. चार वर्षांची होत आलेली पोर कमरेवर हात ठेवून ओट्याच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं तुमी बोला. मी चालली पाळण्यात बसाले."

आणि ती खरंच बाजारातल्या लाकडी पाळण्याकडे पळाली. तिच्यावर नजर ठेवायची म्हणून दोघांनाही ओट्याच्या एकाच टोकाला यावं लागलं, कारण पाळणा तिथूनच दिसायचा.

तुळशीराम बोलायला लागला तो त्या दिवशी. आधी पाऊसपाण्याचं, मग बैलांचं. मग वडील गेले तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता ते. तेव्हापासून चुलत्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायची सवयच लागली नाही ते. म्हैस सुटली त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन रडला होता, हेही सांगितलं. सुमित्रा मला म्हणाली, "बाई, मले वाटे मी मुक्या माणसाची बायको हावो. थे त रेडिओ निघाले. बंदच होत नोते."

बाजार संपला की तो तिला लांबूनच म्हणायचा, पुढच्या बाजारी उरलेलं सांगतो. आणि ती घरी जाऊन भावासमोर तोंड पाडून बसायची. कोर्टाच्या हुकुमामुळे नको त्या माणसाचं तोंड पाहावं लागतं म्हणून सुस्कारे टाकायची. भाऊ बिचारा तिची समजूत काढायचा. तिकडे तुळशीरामही घरी कपाळाला आठ्या घालून सांगायचा, जा लागते, हुकूम हाये. बाजाराच्या दिवशी मात्र सकाळपासून दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून तयार. त्याच्या आईला वाटायचं, कोर्टाचं काम म्हणून पोरगा नीटनेटका जातो.

मग कुसुमला गोवर निघाला. तेव्हा सुमित्रा तिला घेऊन मलकापूरला आपल्या मावशीकडे गेली होती. मावशी विधवा, एकटी, आणि स्वभावानं मोठी मिश्कील. बाजार चुकला म्हणून तुळशीराम शोधत शोधत थेट मलकापूरला पोचला. मावशीनं दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली की हुकूम बाजाराच्या ओट्याचा आहे, माझ्या घराचा नाही. पण विहिरीचं पाणी ओढायला माणूस हवाच होता, राहा. तुळशीराम राहिला. घरी त्यानं निरोप धाडला की सरकीच्या कामानं मलकापुरात अडकलोय. गोवर ओसरला तरी मावशीच्या घरी पाणी भरायला मधूनमधून माणूस लागतच राहिला.

लग्नाची बायको, लग्नाचा नवरा, आणि दोन्ही घरांपासून चोरून भेटतात. आता सांगताना मलाच गुदगुल्या होतात. पण त्यांचं ते चोरून भेटणं पुढं फार महाग पडायची वेळ आली.

कारण इकडे दोन वर्षं पूर्ण झाली. चुलत्यांनी तुळशीरामसाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. मुलीचा बाप कचेरीतला कारकून, कायदा जाणणारा. कोर्टाचा फारकतीचा कागद हातात आल्याशिवाय मुलगी देणार नाही असं त्यानं सांगितलं. चुलत्यांनी अर्ज तयार करवून घेतला, तुळशीरामपुढे ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं, इथं सही. त्यानं सही केली. अर्जात दोन मागण्या होत्या, फारकत आणि कुसुमचा ताबा. ती आता पाच वर्षांची झाली होती.

पुढच्या बाजारी त्यानं सुमित्राला रडकुंडीला येऊन सांगितलं की मी सही केली, पण घरी सगळं सांगून टाकणार आहे. त्यापुढच्या बाजारीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. तारीख लागली तरी त्याच्या तोंडून घरी एक शब्द निघाला नव्हता.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कुसुमचा ताबा जाऊ द्यायचा नाही म्हणून मी पुस्तकं उपसत होते. सुमित्रा माझ्यासमोर येऊन बसायची आणि काही न बोलता जायची. ती खचली आहे असं मला वाटलं.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. पुढच्या बाकावर तुळशीरामची आई, नऊवारी लुगड्यातली ताठ म्हातारी. शेजारी चुलते. मागच्या बाकावर सुमित्राचा भाऊ. जज्जसाहेबांनी आधी कुसुमला जवळ बोलावलं. तिला स्टुलावर बसवलं आणि प्रेमानं विचारलं, बाळ, तुला कोणाकडे राहायला आवडेल, आईकडे की बाबांकडे?

कुसुमनं जरा विचार केला. "बजारात."

साहेबांना वाटलं मुलीला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"बजारातच राह्यतो मी," ती म्हणाली. "तिथं दोघंही राह्यते अन् हासते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी नानासाहेबांकडे, नानासाहेबांनी तुळशीरामकडे. तुळशीराम छताकडे बघत होता. म्हातारीनं मान किंचित वळवली. चुलते म्हणाले, लेकराचं काय ऐकता. साहेबांनी त्यांना गप्प बसवलं आणि ते उत्तर लिहून घेतलं.

मग तुळशीराम पिंजऱ्यात उभा राहिला. नानासाहेबांनी त्याच्याकडून नाव, गाव, लग्न असं एकेक वदवून घेतलं. वेगळं राहण्याच्या हुकुमानंतर तुम्ही दोघं एकत्र राहिला नाहीत ना, असं विचारलं. त्यानं घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हटलं. नानासाहेबांनी ते 'नाही' आहे असं समजून घेतलं आणि ते खाली बसले. आता उलटतपासणी माझी. मी उठणार तेवढ्यात सुमित्रानं माझ्या कोटाची बाही धरली. ती कानाशी वाकली आणि म्हणाली की तिला दिवस गेलेत.

"कोणाचे?" मी विचारलं आणि विचारल्याबरोबर ओशाळले, कारण तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच काहीतरी वाईट बोलले आहे.

"त्याहिचेच. दुसऱ्या कोनाचे असतीन?"

दोन मिनिटांत तिनं ओट्यापासून मलकापूरपर्यंत सगळं मला सांगून टाकलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हा प्रश्न मी भर कोर्टात विचारला आणि आईला, चुलत्याला घाबरून तुळशीराम नाही म्हणाला, तर ही बाई संपली. फारकत तर होईलच. पण नवऱ्यापासून वेगळी राहणारी आणि पोटात मूल, म्हणून तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जाईल, आणि तेवढ्यावर कुसुमही जाईल. भाऊ मागं बसला आहे, तो घरात घेईल की नाही कोणी सांगावं. आणि हे सगळं अशा माणसाच्या उत्तरावर, ज्यानं जन्मात आईसमोर उत्तर दिलं नव्हतं. मी तिला कुजबुजत म्हटलं, आपण आज तारीख मागून घेऊ, शांतपणे विचार करू.

"नाही," ती म्हणाली. "इचारा तुमी. थे मले खोटं नाही पाडनार."

साहेब म्हणाले, बाई, काही विचारायचं आहे की नाही? मी उभी राहिले. मी विचारलं, तुमची पत्नी आज गरोदर आहे हे तुम्हाला माहीत आहे का.

चुलते अर्धे उठले. मागं भावाचं बाक करकरलं. नानासाहेबांनी चष्मा काढला. तुळशीरामनं आईकडे पाहिलं. म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग त्यानं सुमित्राकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली नव्हती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"हाव," तो म्हणाला.

मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत तो स्वतःच बोलला. "माह्यंच हाये."

आणि एकदा तोंड उघडल्यावर तुळशीराम थांबेना. शाळेचा ओटा, रेवड्या, भजी, मावशीची विहीर. सरकीच्या कामाचं खोटं सांगितलं हेही. मले फारकत नको, म्या सही केली थे बुढीच्या अन् काकाच्या भेवानं केली. साहेबांना आमच्याकडची बोली अजून नीट कळत नव्हती. त्यांनी सुमित्राकडे बघून गोंधळून विचारलं, ही तर तरुण आहे, हिला बुढी का म्हणतो? नानासाहेबांनी उठून नम्रपणे सांगितलं, साहेब, इकडे म्हाताऱ्या आईला बुढी म्हणतात. सगळं कोर्ट हसलं. साहेबांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी रुमालानं तोंड पुसल्यासारखं केलं.

साक्ष देताना साक्षीदाराचा चेहरा कसा होता, तो अडखळला का, रडला का, हे न्यायाधीश नोंदवून ठेवू शकतात. साहेबांनी गंभीर आवाजात लेखनिकाला सांगितलं: "लिहा. साक्षीदार येथे लाजतो." थोडं थांबून म्हणाले, "प्रतिवादीही लाजते." मग नानासाहेबांकडे बघून, "आणि अर्जदाराचे वकील हसत आहेत, ते लिहू नका."

नानासाहेब खरोखरच पोट धरून हसत होते. आपला अर्ज आपल्याच साक्षीदारानं बुडवला याचं त्यांना काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं उभं राहून अर्ज मागे घेत असल्याचं सांगितलं. ताब्याचा प्रश्न आपोआप मिटला.

चुलते तरातरा निघून गेले. म्हातारी मात्र उठली नाही. माणसं पांगल्यावर ती हळूहळू लेकापाशी आली. मला वाटलं आता थोबाडीत मारते.

"एवढं बोलता येते तुले?" ती म्हणाली. "मंग मले काऊन नाही सांगतलं बाप्पा?"

मला तिच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त ऐकू आलं. तिलाही इतकी वर्षं त्या घरात कोणी काही सांगितलं नव्हतं, सगळं दिरानंच ठरवलं होतं, हे मला फार नंतर लक्षात आलं.

आम्ही व्हरांड्यात आलो. तुळशीराम कुसुमला खांद्यावर घेऊन पायरीपाशी उभा राहिला. सुमित्रा माझ्या शेजारून हलेना. भाऊ म्हणाला, आता काय, चल. तिनं मान हलवली. मला एकदम तिची पहिल्या भेटीतली अट आठवली. तुळशीरामलाही ती ओट्यावर कधीतरी कळलेली असणार. त्यानं कुसुमला खाली ठेवलं, आईसमोरून चालत आला, आणि भर व्हरांड्यात, वकील, अशील, शिपाई सगळ्यांच्या देखत मोठ्यानं विचारलं:

"सुमित्रा, येतं का घरी?"

तिला इतकं हसू आलं की तिला लवकर हो म्हणताच येईना. म्हातारीनं ते थोडा वेळ पाहिलं. मग पुढं होऊन सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि लेकाला म्हणाली की अवघडलेल्या बाईला उन्हात उभं काऊन ठेवलं. त्यानंतर ती सगळी माणसं रोहिणखेडकडे निघाली. भाऊ बसस्टँडपर्यंत पोचवायला गेला आणि परत येताना मला म्हणाला की दोन वर्षं मी हिची समजूत काढत होतो, अन् ही भजे खात होती.

त्या दिवशी बाररूममध्ये नानासाहेबांनी सगळ्यांना जिलबी वाटली. कोणी विचारलं, हरल्याबद्दल? ते म्हणाले, माझ्या हातून घडलेला हा एकमेव संसार आहे, आणि तोही चुकून.

सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच व्हरांड्यात एका लेकराचे दोन हात दोन बाजूंनी ओढलेले मी पाहिलेत. संग्रामपूरकडची एक आई हुकूम ऐकून न रडता उठली आणि रिकामी टोपली उचलावी तशी मुलाची टोपी उचलून चालू लागली, तेही पाहिलंय. कायदा माझ्या बाजूनं असून मी तिला काही देऊ शकले नाही. ती माणसं मला अजून भेटतात, पण त्यांच्याविषयी लिहायला मन धजत नाही. म्हणून सुमित्राचं लिहिलं. तिला पुढं मुलगा झाला. चुलत्यांनी वेगळी चूल मांडली, आणि ती कारकुनाची मुलगी मेहकरकडे चांगल्या घरी पडली.

हकीकत मात्र तालुकाभर पसरली. पसरता पसरता तिला इतके पाय फुटले की एका गावात म्हणे असं सांगत, बुलढाण्याची वकीलबाई नवरा-बायकोला मंतरलेल्या रेवड्या देते.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी एक जोडपं माझ्याकडे आलं. पोरगा विशीतला, डोक्यावर नवी टोपी. पोरगी त्याच्या मागं, पदर पुढं ओढून, जमिनीकडे बघत. मी कागद पुढं घेतला आणि विचारलं, काय भांडण आहे?

"भांडन नाही बाई," तो म्हणाला.

"मग फारकत कशाला?"

"फारकत नाही पाह्यजे." तो घुटमळला, इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "घरात अठरा माणसं हायेत. आमाले फकस्त थो बजाराचा हुकूम पाह्यजे."

मी त्यांना समजावून सांगायला लागले की असा हुकूम देण्याचा मला अधिकार नाही, तो कोर्ट देतं, त्यासाठी आधी दावा लागतो, भांडण लागतं. बोलता बोलता माझं लक्ष त्या पोरीकडे गेलं. तिनं पदर जरासा मागं सारला होता आणि माझ्या तोंडाकडे इतक्या आशेनं बघत होती की माझं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मी उठले, खुंटीवरचा काळा कोट अंगावर चढवला आणि शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हटलं, "जा. दिला हुकूम."

पोरगा हरखून वाकला. दारापर्यंत गेल्यावर पोरगीच थांबली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"दर बजारी?" तिनं विचारलं.

"दर बजारी," मी म्हटलं.